बुटाच्या तळाला लिहिलेलं नाव

दशरथ पटलाचं नाव मी सौंदडला रोज ऐकत होतो, पण लिहिलेलं पाहिलं ते एकाच ठिकाणी. आमचे स्टेशनमास्तर थळकर यांच्या डाव्या बुटाच्या तळाला.

दरवर्षी होळीच्या आसपास एका सकाळी मास्तर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसत, डावा बूट काढून मांडीवर उलटा घेत आणि वॅगनवर नंबर लिहायच्या जाड खडूने तळावर अक्षरं काढत. दशरथ. अक्षर सुरेख, शाळेच्या फळ्यावर असावं तसं. मग फुंकर मारून बूट पायात घालत आणि एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत रुळाच्या कडेने चालत सुटत. खडीवरून चालताना डावा पाय जरा जास्तच दाबून टाकत. संध्याकाळपर्यंत नाव गेलेलं असे. तेव्हा बूट पुन्हा उलटा करून तळ निरखून बघत आणि चहा मागवत.

रुळांचे सांधे बदलणारा आमचा पॉइंट्समन सोमा पहिल्यांदा हे बघून मला म्हणाला होता, “बाबू, मास्तर बुटावर लिहून राहिले. डोक्यावर त नाई ना झाला परिणाम?”

परिणाम बिरिणाम काही नव्हता. मास्तर बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी, अलिबागकडचे. घरात मराठी, पोथी हिब्रूत. त्यांच्या पोथीत एक जुना प्रधान आहे, ज्याने सगळ्या यहुद्यांना एका दिवसात संपवायचा घाट घातला होता. तो फसला त्या दिवसाचा सण करतात आणि त्याला त्यांच्यात होळीचाच सण म्हणतात, कारण येतो आपल्या होळीच्या सुमाराला. त्या सणाला कुठे कुठे त्या प्रधानाचं नाव जोड्याच्या तळाला लिहून तुडवायची रीत आहे. मास्तरांनी रीत पाळली, माणूस तेवढा बदलला.

मी मुर्रीचा. गोंदियाच्या वेशीवरचं गाव. असिस्टंट म्हणून सौंदडला नेमणूक झाली तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि रागीट होतो. आता म्हातारा झालो आहे, पण रागाच्या बाबतीत फार फरक पडलेला नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण मास्तरांची गोष्ट मी शांत डोक्याने सांगू शकणार नाही.

मास्तरांचं पूर्ण नाव हनोक थळकर. उंच, किडकिडीत, टोपी नेहमी सरळ. नियमाचे इतके पक्के की घड्याळ गोंदियाच्या तारेवर मिळवल्याशिवाय सकाळचा चहा घेत नसत. त्यांची एक खोड आम्हाला कळत नसे. डाव्या बुटाला त्यांनी माझ्यादेखत दोनदा नवा तळ लावून आणला. उजव्याला मात्र चांभाराला हात लावू देत नसत. उजवा झिजून चालला होता, पावसात त्यात पाणी शिरायचं, चालताना पचपच आवाज व्हायचा. सोमा म्हणायचा की मास्तर कंजूष आहेत, पण तेही अर्ध्यानेच.

त्यांनी वरच्या साहेबांना अर्जांवर अर्ज करून आठवड्याची सुट्टी शनिवारी मागून घेतली होती, कारण शनिवारी त्यांच्यात कामाला हात लावत नाहीत. त्या दिवशी स्टेशन माझ्या ताब्यात आणि मास्तर क्वार्टरमध्ये पोथी वाचत. त्यांच्या पोथीचे, तोराचे, वर्षाच्या आठवड्यांप्रमाणे भाग पाडलेले आहेत, त्या भागाला पाराशा म्हणतात. दर शनिवारी एक. वर्ष सरलं की पोथी संपते, आणि संपली त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. वडिलांची प्रत होती, समासात वडिलांनी पेन्सिलीने बारीक मराठी अर्थ लिहिलेला. प्रार्थनाघर नाही, दुसरा यहुदी नाही, तरी एकटे मोठ्याने वाचत. त्यांचा आवाज प्लॅटफॉर्मपर्यंत येई.

रविवारी सकाळी चहा घेताना मी विचारायचो, “काल काय निघालं?” आणि ते सांगायचे. सांगायची तऱ्हा अशी की सगळं सौंदडातच घडलंय असं वाटावं. योसेफला भावांनी खड्ड्यात टाकलं, तर तो खड्डा आमच्या पाण्याच्या टाकीमागचा. वाळवंटात लोक पाण्यासाठी भांडले, तर ते आमचे रुळांच्या दुरुस्तीवरचे गँगमन उन्हाळ्यात भांडतात तसे. मग म्हणत, “बिसन, गोष्ट दरवर्षी तीच असते रे. आपण कुठे उभे आहोत ते दरवर्षी वेगळं असतं.”

एका पाराशाबद्दल मात्र ते नीट बोलत नसत. त्यात सूड घेऊ नये आणि मनात डूख धरू नये असं सांगितलंय. मी म्हटलं, दोन्ही एकच ना. त्यावर मास्तरांनी त्यांच्या जुन्या पंडितांचा दाखला दिला. तू शेजाऱ्याकडे विळा मागितलास, त्याने दिला नाही. उद्या तो कुऱ्हाड मागायला आला आणि तू म्हणालास, तू विळा दिला नाहीस, मी कुऱ्हाड देणार नाही. हा सूड. आणि तू म्हणालास, घे बाबा कुऱ्हाड, मी काही तुझ्यासारखा नाही. हा डूख.

“दुसऱ्यात वाईट काय आहे?” मी विचारलं.

“तेच मला अजून कळलं नाही,” मास्तर म्हणाले. “म्हणून हा पाराशा आला की मी मनातल्या मनात वाचतो.”

विळा-कुऱ्हाडीची गोष्ट ते कोणाबद्दल सांगत होते हे मला पक्कं माहीत होतं, कारण विळा मागायला मीच गेलो होतो.

दशरथ पटील सौंदडच्या बाजूच्या दोन गावांचा मालगुजार, म्हणजे जमीनदार. भाताची शेती, राइस मिल आणि आसपासच्या गावांत असलेली एकच मोटार. पुढे मालगुजारी गेली, पण ताठा राहिला. मी रुजू झालो त्या उन्हाळ्यात त्याचे सोयरे सकाळच्या पॅसेंजरने परत जायचे होते. जेवणावळी लांबल्या. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा त्यांच्या बैलगाड्या अजून बांधावर होत्या. पटील एकटा पुढे आला आणि म्हणाला, “मास्तर, पाच मिन्टं गाडी थांबवा. माये सोयरे येऊन राहिले.”

“गाडी कोणासाठी थांबत नाही,” मास्तर म्हणाले आणि त्याच्या डोळ्यांसमोर हिरवं निशाण दाखवलं. सोयरे धावत आले तेव्हा शेवटचा डबा दिसत होता. पटलाने जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला आणि गेला.

भाद्रपदात मास्तरांची बायको पोटुशी होती. रिबकाबाई. हसतमुख बाई, आमच्याकडच्या पोह्यांत गूळखोबरं घालून त्यांच्यातला मलिदा करायच्या आणि स्टेशनातल्या सगळ्यांना द्यायच्या. दिवस भरायला अवकाश होता, अचानक सकाळी अकराला दुखायला लागलं. गावची सुईण आली, बघितलं आणि म्हणाली की मूल आडवं आहे, माझ्याने होणार नाही, दवाखान्यात न्या. सकाळची पॅसेंजर गेलेली, दुसरी संध्याकाळी सहाला. मास्तरांनी मला पटलाकडे मोटारीसाठी पाठवलं. मी चिखलातून धावत गेलो.

पटील ओसरीवर पान लावत होता. मोटार अंगणातच उभी होती, पुसून लख्ख केलेली. मी सगळं सांगितलं. त्याने पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि म्हणाला, “तुया मास्तरले सांग, मोटार कोनासाठी निघत नाई.”

मी हात जोडले. मी, ज्याने आजवर कोणापुढे हात जोडले नव्हते. तो उठून आत गेला.

परत आलो तेव्हा एक वाजून गेला होता. मास्तरांनी निरोप ऐकला आणि मान हलवली. मग बैलगाडीसाठी माणूस पाठवला, पण नाल्याला पूर होता, गाडी पलीकडे जाईना. तीनच्या सुमाराला गोंदियाकडे जाणारी मालगाडी न थांबता जायची होती. मास्तर म्हणाले, “बिसन, सिग्नल पाड.” मी पाडला. मास्तर नियमाप्रमाणे निशाण घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे राहिले, मागे क्वार्टरमधून बाईंचा आवाज येत होता. मालगाडी धडधडत निघून गेली. पाच वाजता बाई गेल्या, मूलही गेलं.

स्टेशनामागच्या मोहाखाली पुरलं. त्यांच्यात मयताच्या वेळची एक प्रार्थना आहे, ती म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. आमच्या नऊ गँगमननी डोक्याला टॉवेल बांधले आणि रांगेत उभे राहिले. मुकादम म्हणाला, “आमी नऊ, तुमी एक. झाले ना जी दहा?” मास्तरांनी रांगेकडे पाहिलं. “नियमात बसत नाही,” म्हणाले, आणि माती लोटायला खाली वाकले.

पुढच्या होळीला त्यांनी पहिल्यांदा खडू हातात घेतला. मला तर वाटत होतं की खडूने काय होतंय, पटलाच्या मोटारीला काडी लावावी. तसं बोललोही. मास्तर म्हणाले, “आमच्या पोथीत अमालेक नावाचे लोक आहेत. आमची माणसं रानातून चालली होती तेव्हा त्यांनी मागून हल्ला केला. मागे कोण असतं? म्हातारे, आजारी, पोटुशा बायका. त्यांच्याबद्दल देव म्हणतो, त्यांचं नाव पुसून टाका. आणि त्याच दमात म्हणतो, विसरू नका.”

“मग करायचं काय?”

“दोन्ही. लिहायचं आणि पुसायचं.”

हे मला फार आवडलं. पुढली सगळी वर्षं मी त्या दिवसाची वाट बघत असे. बाकाशेजारी उभा राहून मास्तरांना खडू मीच देत असे.

पण त्याच पोथीत आणखी एक पाराशा आहे, माघात येतो. त्यात असं आहे की तुझ्या वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर पुढे जाऊ नकोस, त्याला सोडव. एका रविवारी मास्तरांनी हे सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणालो, “असली पोथी असेल तर तुम्ही नाव लिहिता कशाला? मोहाखाली मास्तरीणबाई आहेत आणि तुम्ही त्याचं गाढव उचलणार?”

“गाढवाने काय केलंय?” मास्तर म्हणाले, आणि कप धुवायला उठले.

बाई गेल्याला साडेतीन वर्षं होत आली. तोच माघ, तोच पाराशा, शनिवार. स्टेशन माझ्याकडे होतं. सकाळी दहाच्या सुमाराला क्वार्टरमधून मास्तरांचा वाचण्याचा आवाज येत होता. गोंदियाकडे जाणारी मालगाडी मागच्या स्टेशनवरून सुटली होती, आमच्याकडे न थांबता जाणार. मी दोन्ही सिग्नल पाडून ठेवले होते. तेवढ्यात एक बैलगाडी प्लॅटफॉर्मपर्यंत आली. आत दशरथ पटलाचा एकुलता एक मुलगा शंकर धोतरात गुंडाळलेला, धोतर लाल झालेलं. मिलच्या पट्ट्यात हात गेला होता. मोटार वर्षभर विटांवर उभी होती, तिचा कुठलासा भाग मिळत नव्हता.

“बाबू,” पटील म्हणाला, “मालगाडी थांबव. पोट्ट्याले गोंदियाले न्या लागते. रगत थांबून नाई राहिलं.”

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. म्हणालो, “गाडी कोणासाठी थांबत नाही, पटील.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ते वाक्य साडेतीन वर्षं माझ्या तोंडात तयार होतं. पटलाने आधी नुसतं बघितलं, मग मला ओळखलं, मग वाक्य ओळखलं. त्याने डोक्यावरचा फेटा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी फेट्याकडे पाहिलं नाही, रजिस्टरकडे पाहत राहिलो. बाहेर पोरगा कण्हत होता. मालगाडीची पहिली शिटी ऐकू आली.

वाचण्याचा आवाज थांबला होता. मास्तर दारात उभे होते, डोक्यावर प्रार्थनेची टोपी. त्यांनी आधी बैलगाडीत पाहिलं, मग पटलाकडे, मग माझ्याकडे.

“बाजूला हो, बिसन.”

“मास्तर, आज तुमचा शनिवार आहे.”

“माहीत आहे.”

“आणि हा दशरथ पटील आहे.”

“तेही माहीत आहे.”

ते सिग्नलच्या लिव्हरपाशी गेले आणि मी पाडलेला पुढचा सिग्नल त्यांनी एका झटक्यात पुन्हा आडवा केला. मालगाडी किंचाळत प्लॅटफॉर्मला येऊन थांबली. गार्ड ओरडत उतरला. मास्तर त्याला म्हणाले, पोराला तुझ्या डब्यात घे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लिही. माझ्या हुकमाने थांबवली.” शनिवारी ते लेखणी हातात धरत नसत, ती त्या वेळेसही धरली नाही. मी लिहिलं. रागाने लेखणी कागदात रुतत होती.

पोराला डब्यात निजवलं. पटील मास्तरांच्या पायाशी वाकला. मास्तर मागे सरले.

“हात लावू नका. मी माफ केलेलं नाही. पडलेल्याला उचलायचं एवढंच लिहिलंय, ते केलं. मालकाबद्दल तिथे काही लिहिलेलं नाही.”

माझं काळीज सुपाएवढं झालं. पटलाच्या थोबाडीत मारली असती तरी एवढं समाधान झालं नसतं. तो मुकाट्याने डब्याच्या पायरीवर चढला. तिथून वळला. त्याच्या चेहऱ्यावर खोचकपणा नव्हता, खरंच नवल वाटत होतं, आणि म्हणूनच मला तो माणूस आजही सहन होत नाही.

“पन मास्तर,” तो म्हणाला, “गाडी थांबवता येत होती, त तुमच्या बाईच्या वेळेस काऊन नाई थांबवली जी?”

मास्तर गाडीकडे वळले. हिरवं निशाण दाखवलं. गाडी गेली, शेवटचा डबा वळणाआड गेला, तरी त्यांचा निशाणाचा हात वरच होता. शेवटी सोमाने येऊन तो खाली घेतला.

शंकर वाचला. हात मनगटापासून गेला. पटलाने चिन्नोर तांदळाची टोपली पाठवली, मास्तरांनी तिला हात लावला नाही. चार दिवस ती प्लॅटफॉर्मवर पडून होती, मग गँगमनच्या बायकांनी वाटून नेली. वरून खुलासा मागवला गेला. न थांबणारी मालगाडी का थांबवली? मास्तरांनी एका ओळीत उत्तर पाठवलं: थांबवता येत होती म्हणून. मी म्हणालो, असं लिहू नका, पोरगा मरत होता असं लिहा. त्यांनी ऐकलं नाही. बदलीचा हुकूम आला आणि त्यांनी राजीनामा दिला. मुंबईला बहिणीकडे जायचं ठरलं, तिथून जमलं तर जहाजाने यहुद्यांच्या नव्या देशात.

होळी आली. मी सकाळीच खडू घेऊन बाकापाशी गेलो. मास्तर बसले होते, दोन्ही बूट पायात.

“माफ केलंत त्याला?” मी विचारलं. आवाज चढलाच होता.

“नाही.”

“मग?”

“या वर्षी डाव्याची गरज नाही,” ते म्हणाले.

मला ते पटलं नाही. मी खडू रुळावर भिरकावला आणि दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. वाटलं, पोथीने माणूस मऊ केला, आता हे नाव मलाच सांभाळावं लागणार.

ते गेले त्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. सोमा होता, गँगमन होते. मास्तर मोहाखाली जाऊन आले होते, बुटांना माती होती. सौंदडचा प्लॅटफॉर्म तेव्हा रुळाच्या बरोबरीचा, डब्यात चढायला पायऱ्या. मी खाली त्यांची ट्रंक धरून उभा. त्यांनी डावा पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि उजवा पाय वर उचलला. तळ माझ्या नाकासमोर आला.

त्याच्यावर खिळ्याने कोरलेली अक्षरं होती. खडूची नव्हेत, खोल कोरलेली, झिजली की पुन्हा कोरलेली, कडा जुन्या होऊन काळ्या पडलेल्या. हनोक. मधल्या अक्षराच्या जागी चामडं संपून आरपार भोक पडलं होतं, त्यातून मोजा दिसत होता.

“मास्तर,” मी म्हणालो, “हे कधीचं?”

त्यांनी खाली पाहिलं. पाय लपवला नाही.

“पहिल्या होळीचं. तू खडू शोधायला गेला होतास तेव्हाचं.” मग म्हणाले, “पटलाने विचारलं ते मी त्याच्या आधी विचारलं होतं रे. त्याचं नाव संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं.”

त्यांनी ट्रंक आत ओढून घेतली आणि खिडकीपाशी बसले. गार्डाने शिटी दिली. मी तसाच उभा होतो. मला भाद्रपदातली ती दुपार दिसत होती, तीनची मालगाडी, क्वार्टरमधला आवाज आणि लिव्हरवरचा हात. तो हात मास्तरांचा नव्हता. त्यांनी सांगितलं आणि मी पाडला. एकदाही, म्हणजे एकदाही, माझ्या मनात आलं नाही की नाही म्हणावं. तीन होळ्या मी पटलाच्या नावाला खडू पुरवत होतो आणि मास्तरांनी माझं नाव कुठल्याच बुटाला लिहिलं नव्हतं.

“बिसन,” मास्तर खिडकीतून म्हणाले, “उशीर होतोय. निशाण दाखव.”

मी दाखवलं. पॅसेंजर त्या दिवशी दोन मिनिटं उशिरा सुटली. रजिस्टरमध्ये उशिराच्या कारणाचा रकाना असतो. तो मी कोरा ठेवला.